हा रोज जातो कुठे?

वय बत्तीस. खांद्याला सॅक, सॅकमध्ये डबा आणि कपड्यांचा एक जादा जोड. सकाळी नवाच्या सुमारास गाडी येते, चारनंतर परत आणून सोडते. शेजारपाजारचे लोक हे रोज पाहतात आणि कधीतरी त्याच्या आईला विचारतातच, "अहो, त्याची शाळा तर केव्हाच संपली ना? मग हा रोज जातो कुठे?" जरा धीट माणूस असला तर पुढचंही विचारतो, "आणि तिथं जाऊन करतो काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तो प्रौढ दिव्यांगांच्या दिवसभराच्या केंद्रात जातो. कुणी त्याला कार्यशाळा म्हणतं, सरकारी कागदावर कर्मशाळा असते, तर घरात बहुतेक वेळा 'क्लास' एवढंच म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र हे अख्खं प्रकरण लागेल. त्याआधी मुळात 'हा' कोण, ते पाहू.

१. आजार नव्हे, चण वेगळी

मनोरुग्ण आणि बौद्धिक दिव्यांग हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. मानसिक आजार हा आजार असतो. तो चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसालाही तिशीत-चाळिशीत गाठू शकतो, त्यावर औषधं असतात, बरं वाटतं, कधी पुन्हा उलटतो. बौद्धिक दिव्यांगत्व तसं नाही. मेंदूची वाढ होत असतानाच, म्हणजे आईच्या पोटात, जन्मताना किंवा लहानपणी, काहीतरी वेगळं घडलेलं असतं. मावळातल्या माणसाला भातशेतीच्या भाषेत सांगायचं तर मानसिक आजार म्हणजे उभ्या पिकावर आलेली कीड. बौद्धिक दिव्यांगत्वात रोपच वेगळ्या चणीचं असतं. तिथे फवारणीचा उपयोग नाही, त्या रोपाला मानवेल असा वाफा करून द्यावा लागतो.

वाढीच्या काळात येणाऱ्या अशा दिव्यांगत्वांचं एक कुटुंबच आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि यांतलं एकाहून अधिक एकत्र असणं, या चौघांसाठी १९९९ साली केंद्राने वेगळा कायदा केला आणि त्यातून राष्ट्रीय न्यास म्हणजे नॅशनल ट्रस्ट उभा राहिला. सेरेब्रल पाल्सी असलेल्याची बुद्धी शाबूत असू शकते हे इथेच लक्षात ठेवा. हातपाय आणि जीभ ऐकत नाहीत म्हणून त्याला काही कळत नाही असं समजणारे आपण असतो. २०११ च्या जनगणनेत एकट्या बौद्धिक दिव्यांगांची नोंद सुमारे १५ लाख होती.

आता एक गैरसमज. तपासणीनंतर पालकांना सांगितलं जातं, "याचं मानसिक वय पाच वर्षांचं आहे." चाचणीपुरता हा हिशेब ठीक आहे, पण घरी आणला की घात करतो. बत्तीस वर्षांच्या माणसाने बत्तीस गणपती पाहिलेले असतात. कुठल्या आत्याकडे गेलं की भजी मिळतात हे त्याला ठाऊक असतं, त्याला दाढी येते, कुणीतरी आवडतं, आजोबा गेल्याचं दुःख आठवतं. पाच वर्षांच्या मुलाकडे यातलं काय असतं? 'चौकट राजा'मधला दिलीप प्रभावळकरांचा नंदू १९९१ साली घराघरांत पोहोचला, लोक हळवे झाले, हे चांगलंच झालं. पण मोठ्या माणसाकडे 'निरागस बाळ' म्हणून पाहायची सवय आपली सुटली नाही. एका संमेलनात (नाव नको) मी पन्नाशीच्या गृहस्थांना सशाचे कान लावून बडबडगीतावर नाचवलेलं पाहिलं आहे. टाळ्या खूप पडल्या. त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो.

२. अठरावा वाढदिवस

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि लक्षणीय, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरा संपली की हा हक्क संपतो. त्याच दिवशी कायद्याच्या नजरेत तो सज्ञान होतो आणि आईवडील त्याचे पालक उरत नाहीत. बँकेत खातं उघडायला गेलेल्या किती वडिलांना हे काउंटरवरच पहिल्यांदा कळतं! मग राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. कागदाचं काम असं निघतं तरी. पण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेचं काय, हे कुठलीच समिती सांगत नाही.

हा प्रश्न पूर्वी इतका मोठा का नव्हता? एक कारण अगदी साधं आहे: ही माणसं तितकी जगत नसत. डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३ च्या सुमारास २५ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ६० च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया या मुलांवरही होऊ लागल्या, मुलं वाचली, मोठी झाली. शाळेची दहा-बारा वर्षं गेली आणि पुढे चाळीस वर्षं उरली.

३. गुरांमागचा दिवस

दुसरं कारण मावळातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्ही खोऱ्यांत पूर्वी असा मुलगा घरात असला तर तो गुरांमागे जायचा. गुरं वाट चुकू देत नाहीत, घाई करत नाहीत आणि टोमणेही मारत नाहीत. लावणीला तो रोपांच्या मुठी बांधावरून खाचरात पोहोचवायचा, गोवऱ्या उचलायचा, पाणी भरायचा. गावाने त्याच्यासाठी योजना आखलेली नव्हती. गावाच्या दिवसातच त्याला जागा होती.

याचं फार गोड चित्र रंगवायला नको. त्याच गावात त्याला खडे मारणारी पोरं होती, काही घरांत खांबाला बांधून ठेवलेली माणसं होती, आणि मुलगी असेल तर घराबाहेर पाऊलच नव्हतं. तरीही दिवस नावाची गोष्ट बऱ्याच जणांना होती, ती गेली. धरणाखाली जमिनी गेल्या, द्रुतगती मार्ग आला, डोंगरउतारांवर बंगले चढले, खाचरं विकली गेली, गुरं कमी झाली. भाऊ चाकणला नाहीतर तळेगावच्या कारखान्यात पाळीवर जातो, वहिनी लोणावळ्याच्या हॉटेलात कामाला जाते. घरात उरतो तो आणि त्याची सत्तरीची आई. समोर दिवसभर टीव्ही. वजन वाढतं, झोप उडते, चिडचिड सुरू होते, आणि मग लोक म्हणतात, 'आताशा तो फार बिघडलाय.'

४. 'आमच्यानंतर काय' आणि 'आज दिवसभर काय'

पालकांच्या सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: आमच्यानंतर याचं काय? त्याला उत्तर म्हणून निवासी संस्था उभ्या राहिल्या. बदलापूरची 'आधार' पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. शेजारच्या मुळशी तालुक्यात कोळवणला १९९४ पासून 'साधना व्हिलेज' आहे. तिथे राहणाऱ्या प्रौढांना 'विशेष मित्र' म्हणतात आणि ते छोट्या घरांतून कुटुंबासारखे राहतात. मारुंजीला सुरू झालेल्या 'नवक्षितिज'चं पवन मावळात मोरवे इथेही केंद्र आहे. पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ साली 'कामायनी' सुरू केली. तिचं काम मात्र शाळा आणि उद्योगकेंद्राचं, म्हणजे दिवसाचं. तिची एक शाळा निगडीत, मावळच्या उंबऱ्यावरच आहे.

निवासी संस्था आणि दिवसाचं केंद्र यांत गल्लत करू नका. निवासी संस्था घराची जागा घेते. दिवसाचं केंद्र घर टिकवतं. सहा तास मुलगा बाहेर असला तर आई दवाखान्यात जाऊ शकते, बचत गटाच्या बैठकीला बसू शकते, दुपारी एक डुलकी काढू शकते. संध्याकाळी ती त्याच्याशी वैतागाने बोलत नाही. अशी घरं मुलाला आणखी कित्येक वर्षं सांभाळतात. राष्ट्रीय न्यासाच्या 'विकास' योजनेने दिवसाच्या केंद्राचं माप ठरवून दिलं: दिवसाला किमान ६ तास आणि महिन्यात किमान २१ दिवस. वाचताना कोरडे वाटणारे हे आकडे आईच्या दृष्टीने मोजले की १२६ तास होतात.

पण जाणाऱ्याला काय मिळतं? स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ साली एक विचार मांडला आणि जगभरच्या दिव्यांग सेवांचं वळण त्याने बदललं. ते म्हणाले, या माणसांना इतरांसारखी दिवसाची लय मिळाली पाहिजे, आठवड्याची आणि वर्षाचीही. म्हणजे सकाळी उठून, तयार होऊन, राहतो तिथून दुसरीकडे जायचं, कामाची जागा वेगळी, विसाव्याची वेगळी, रविवार सोमवारपेक्षा निराळा. आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण ते आपल्याला फुकट मिळालेलं असतं. घरी बसलेल्या दिव्यांग माणसाला वार नसतो, रोज एकच दिवस असतो.

५. मोजता येत नाही, पण मोजून भरता येतं

चांगल्या केंद्रात कामाचं टेबल असतं. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, राख्या, मेणबत्त्या, मसाल्याची पाकिटं. पाहुणे येतात, "किती छान करतात हो" म्हणतात आणि दोन पाकिटं घेऊन जातात. यातलं खरं कौशल्य त्यांच्या नजरेला पडत नाही, कारण ते टेबलाखालच्या एका फळीत असतं.

उदाहरण घेऊ. एका खोक्यात बारा पणत्या भरायच्या आहेत. आपला तरुण तीनपर्यंतच मोजतो, पुढे सगळं 'खूप'. वर्षभर अंक घोकून घेतले तरी बारा येईलच असं नाही. म्हणून शिक्षिका प्लायवूडच्या फळीवर पणतीच्या बुडाएवढी बारा वर्तुळं काढते. आता काम असं होतं: प्रत्येक वर्तुळावर एक पणती ठेव. रिकामं वर्तुळ दिसतंय? अजून ठेव. दिसत नाही? मग सगळ्या उचलून खोक्यात भर. मोजणं माणसाकडून काढून फळीला दिलं. खोक्यात पणत्या दर वेळी बाराच निघतात, आणि त्या त्याने एकट्याने भरलेल्या असतात.

याच्या मागे कामाची फोड करण्याचं तंत्र आहे. अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसांना सायकलचा १५ सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवून दाखवलं. हे काम त्यांना जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं. गोल्ड यांनी भाग क्रमाने लावून ठेवले आणि प्रत्येक भागाची जी बाजू काम करणाऱ्याकडे यायला हवी ती रंगवली. रंग दिसला की बरोबर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की एखाद्याला येत नाही याचा अर्थ आपल्याला अजून शिकवता आलेलं नाही. शिकवणाऱ्याला हे पचायला जड जातं, पण फळीवरची वर्तुळं पाहिली की पटतं.

हेच घरीही लागू पडतं. 'दात घास' ही आपल्याला एक सूचना वाटते, त्याच्यासाठी त्या दहा-बारा असतात. तो नेमका कुठल्या पायरीवर अडतो ते शोधा. पुष्कळदा ट्यूबचं टोपण फिरवण्यापाशीच गाडी अडलेली असते, आणि घरातले वर्षानुवर्षं पूर्ण दात घासून देत असतात.

६. ज्याला पणतीही उचलता येत नाही

आतापर्यंतचं ज्यांना लागू नाही अशीही माणसं असतात: न बोलणारी, चाकाच्या खुर्चीतली, कपडे बदलावे लागणारी, दिवसात दोन-तीनदा फिट येणारी. २०१६ च्या कायद्यात अशांसाठी 'उच्च आधाराची गरज' अशी कल्पना आहे. बऱ्याच केंद्रांच्या दारातून हीच माणसं परत पाठवली जातात, "आमच्याकडे बसत नाही हो" म्हणून. माझ्या मते केंद्राची खरी परीक्षा इथेच होते.

अशांसाठी काम म्हणजे काय? आधी, पुढे काय होणार हे कळणं. शब्द कळत नसतील तर हातात वस्तू देतात: स्टीलची वाटी दिली म्हणजे जेवण, पंचा दिला म्हणजे न्हाणीघर, सॅकचा पट्टा दिला म्हणजे घरी. रोज तीच वस्तू, त्याच वेळी. काही महिन्यांनी वाटी दिसताच मान जेवणाच्या खोलीकडे वळते. मग निवड. दोन शर्ट समोर धरायचे आणि ज्याच्याकडे नजर थांबेल तो घालायचा. आयुष्यात पहिल्यांदा 'मला हे नको' असं कुणीतरी ऐकून घेतलेलं असतं.

शिवाय ओरडणं, चावणं, डोकं आपटणं यांकडे निरोप म्हणून पाहणं. अचानक स्वतःच्या गालावर मारू लागलेल्या माणसाची आधी दाढ तपासा. मावळात आणखी एक कारण लक्षात ठेवावं लागतं. लोणावळ्याच्या पावसात पत्र्याच्या छपराखाली बसून पाहा. आपल्याला बोललेलं ऐकू येत नाही एवढंच. स्वमग्न माणसाच्या कानात मात्र तो आवाज खिळ्यासारखा शिरू शकतो, आणि असा पाऊस जून ते सप्टेंबर चालतो. छपराखाली छत मारून घेणं हा खर्च मग 'सुशोभीकरण' राहत नाही.

७. पगार की खाऊ?

महिनाअखेर केंद्रात पाकीट मिळतं. त्याला मानधन म्हणतात, कुठे विद्यावेतन. रक्कम बहुतेक ठिकाणी इतकी लहान असते की त्याला मजुरी म्हणायची लाज वाटावी. हा वाद जगभर आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या कामगार कायद्यात दिव्यांगांना किमान वेतनाहून कमी देण्याची मुभा देणारं कलम आहे आणि त्याविरुद्ध तिथल्या संघटना अनेक वर्षं भांडत आहेत. माझं मत सांगतो. माल बाजारात जात असेल तर त्याचा हिशेब काम करणाऱ्याच्या हातात आला पाहिजे, भले तो चाळीस रुपये असो. माल जात नसेल तर त्याला काम म्हणू नये, सराव म्हणावं. दिवाळी झाली की पणत्या पुसून पुन्हा रंगवायला देणारी केंद्रंही आहेत, आणि तिथल्या माणसांना ते कळत नाही असं अजिबात नाही.

८. अर्धं केंद्र रस्त्यावर असतं

शहरातल्या लेखांत न दिसणारी गोष्ट म्हणजे गाडी. मावळात केंद्र चालतं की बंद पडतं, हे शिक्षकांइतकंच गाडीवर ठरतं. फाट्यावर एसटी थांबते, पण वाडी फाट्यापासून दोन-तीन किलोमीटर आत डोंगराच्या कुशीत. सहा आसनी रिक्षावाला चाकाची खुर्ची घेत नाही.

हिशेब करू. केंद्रापासून १५ किलोमीटरवर एक वाडी आहे. सकाळी गाडी रिकामी जाते, १५. माणसांना घेऊन येते, १५. संध्याकाळी सोडायला १५, रिकामी परत १५. दिवसाला ६० किलोमीटर, २१ दिवसांना १,२६०. लिटरला १२ किलोमीटर धरले तर महिन्याला १०५ लिटर डिझेल. त्यात टायर, विमा, ड्रायव्हर आणि सोबतीला बसणारी ताई वेगळीच. देणगीदार शिलाई मशीन देतात, संगणक देतात. डिझेल द्यायला सहसा कुणी येत नाही, कारण डिझेलवर नावाची पाटी लावता येत नाही.

यावर एक गावठी तोड आहे. ड्रायव्हर त्याच शेवटच्या वाडीतला नेमायचा आणि गाडी रात्री त्याच्याच दारात उभी करायची. मग दोन्ही रिकाम्या फेऱ्या वाचतात आणि १,२६० चे ६३० किलोमीटर होतात. शिवाय ड्रायव्हर घरचाच असल्याने आई निर्धास्त. आणखी एक वाट ग्रामपंचायतीतून जाते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून "आपल्या पाच टक्क्यांतून डिझेल द्या" असं विचारणारे पालक मात्र थोडे.

ज्यांना जमेल त्यांना लोकल शिकवता येते. समजा एकाला तळेगावहून कामशेतला जायचं आहे. मध्ये वडगाव, कान्हे, मग कामशेत. पाट्या वाचता येत नाहीत. मग डाव्या खिशात तीन मोठी बटणं ठेवायची. स्टेशन आलं की एक बटण उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की उतरायचं. सुंदर युक्ती, पण एका दिवशी फसते, कारण लोकल मध्येच सिग्नलला थांबते आणि आपला पठ्ठ्या बटण हलवतो. मग नियम सुधारायचा: गाडी थांबली आणि बाहेर फलाट दिसला, तरच बटण. हे पक्कं होईस्तोवर कित्येक महिने कुणीतरी सोबत, मग दोन बाकं सोडून मागे, मग फक्त उतरण्याच्या स्टेशनवर उभं. खिशात फोन नंबरचं कार्ड कायमचं.

९. केंद्र बघायला जाल तेव्हा

कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. दुपारी तीनला, न कळवता जा. सकाळी सगळीच केंद्रं टवटवीत असतात. जेवणं झाल्यावर, ताया दमल्यावर जे चालतं तो तिथला खरा दिवस. शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. टेबलावर कोण बसलंय यापेक्षा भिंतीकडेला कोण बसलंय ते पाहा आणि तो किती वेळ तसाच आहे हे घड्याळ लावून मोजा. शौचालयाला कडी आतून आहे का? मुलींना कपडे बदलायला आडोसा आहे का? मोठ्या माणसांना हाक कशी मारतात, नावाने की 'बाळा' म्हणून? जेवणाची ताटं कोण घासतं? फिट आली तर काय करायचं, हे स्वयंपाकाच्या मावशींनाही माहीत आहे का?

आणि निघता निघता ऑफिसात नव्हे, बाहेर गाडीपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विचारा, पावसाळ्यात गाडी कुठवर येते.